पाण्याच्या वाटेनं फेझ

फेझला जाणाऱ्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो असा : जुन्या शहरात एकट्यानं शिरू नका, गाइड घ्या. सल्ला रास्त आहे. मोरोक्कोतल्या या शहराच्या तटबंदीच्या आत, फेझ अल-बाली नावाच्या जुन्या भागात, नऊ हजारांहून अधिक गल्ल्या आहेत असं तिथले लोक सांगतात. काही इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं. काही वळणं घेत जातात आणि कुणाच्या तरी दारात संपतात. मोटारीला आत वाव नाही. ओझी वाहतात ती गाढवं, खेचरं आणि हातगाड्या.

पण वाट चुकू नये एवढ्यासाठीच गाइड घ्यावा, असं मला वाटत नाही. फेझच्या भिंती बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, उंच, मातकट, खिडक्या नसलेल्या. त्यातल्या एकीमागे सहाशे वर्षांपूर्वीचं विद्यालय असतं, दुसरीमागे हमामखाना, तिसरीमागे तांब्याची भांडी घडवणाऱ्याचं घर. कोणती भिंत कशाची आणि ती तिथेच का, हे जाणत्या माणसानं सांगितल्याशिवाय कळत नाही.

मी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची. नोकरी पाणीपुरवठ्याच्या खात्यात, अभियंता म्हणून केली. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खोदवलेली नहर आणि नंतरच्या काळातली पाणचक्की बघत मी मोठी झाले. त्यामुळे कुठलंही जुनं शहर पाहताना माझा पहिला प्रश्न असतो : इथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? फेझमध्ये मी आणि माझी मुलगी एका गाइडबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरलो. त्या प्रश्नाचा धागा धरला तर अख्खं शहर उलगडतं, हे त्या दिवशी मला समजलं.

आधी डोंगरावरून

आमचे गाइड पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. अंगात राखाडी जेलाबा, म्हणजे टोपीवाला पायघोळ अंगरखा, आणि गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र. जन्म याच जुन्या शहरातला. त्यांनी आम्हाला आधी वेशीत नेलंच नाही. उत्तरेकडच्या डोंगरावर नेलं. तिथे मरिनी घराण्याच्या कबरींचे भग्न अवशेष आहेत आणि जवळच सादी सुलतान अहमद अल-मन्सूरनं १५८२ मध्ये बांधवलेला बुर्ज आहे.

खाली सगळं शहर एका खोलगट जागेत दाटलेलं दिसतं. सपाट गच्च्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे आणि डिश अँटेना, मधूनच चौकोनी मिनार आणि मध्यभागी हिरव्या कौलांचं मोठं छप्पर. गाइडनी हात पश्चिमेकडे केला. तिकडे साइसचं मैदान आहे, शहरापेक्षा उंचावर. त्या मैदानातल्या झऱ्यांमधून फेझ नदी निघते, शहराच्या वरच्या अंगानं आत येते आणि खाली पूर्वेकडे सेबू या मोठ्या नदीला मिळते. पाणी वरून येतं आणि खाली जातं. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर शहराच्या कानाकोपऱ्यात पाणी पोचवायचं, हे इथल्या जुन्या जाणकारांनी साधलं.

शहराचा इतिहासही या नदीच्या काठांचाच आहे. ७८९ मध्ये पहिल्या इद्रीसनं उजव्या काठावर वस्ती केली. त्याचा मुलगा दुसरा इद्रीस यानं ८०८ च्या सुमारास समोरच्या काठावर दुसरं गाव वसवलं. ८१८ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात बंड झालं, ते मोडून काढल्यावर हद्दपार झालेली हजारो माणसं फेझमध्ये आली आणि उजव्या काठावर राहिली. काही वर्षांत आजच्या ट्युनिशियातल्या कैरुवानहून कुटुंबं आली, ती डाव्या काठावर स्थिरावली. एका नदीवर दोन गावं, दोन तटबंद्या, दोन मोठ्या मशिदी. अकराव्या शतकात अल्मोराविद घराण्याच्या यूसुफ इब्न ताशफीननं मधल्या भिंती पाडून एक शहर केलं. पाण्याच्या पाटांचं जाळं वाढवण्याचं श्रेयही इतिहासकार अल्मोराविदांना देतात. पुढे मरिनी सुलतानांनी फेझला राजधानी केलं आणि १२७६ मध्ये शेजारीच फेझ अल-जदीद, म्हणजे नवं फेझ, बांधलं. हे 'नवं' शहरही आता साडेसातशे वर्षांचं झालं आहे.

नदीचे फाटे, फाट्यांचे पाट, पाटांच्या खापरी नळ्या : पिंपळाच्या पानावर शिरा असाव्यात तसं हे जाळं शहरभर पसरलं होतं. पिण्यासाठी झऱ्यांचं पाणी वेगळं आणि धुणं, गिरण्या, कारखाने यांसाठी नदीचं पाणी वेगळं. वापरलेलं पाणी वाहून नेणारी गटारंही निराळी. युरोपातल्या बहुतेक शहरांत सांडपाणी रस्त्यावरून वाहत होतं, तेव्हा इथे ही व्यवस्था चालू होती. माझ्या व्यवसायातल्या माणसाला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

वेशीतून खाली

जुन्या शहराचं आजचं सर्वांत ओळखीचं प्रवेशद्वार म्हणजे बाब बू जलूद. बाहेरून निळी नक्षी, आतून हिरवी. निळा हा फेझच्या मातीकामाचा रंग, हिरवा इस्लामचा. ही कमान मात्र जुनी नाही. फ्रेंचांनी १९१३ मध्ये ती उभारली. त्याच्या आदल्या वर्षी, ३० मार्च १९१२ रोजी, याच शहरात सुलतानानं तह केला होता आणि मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली, खरं तर ताब्यात, गेला होता.

कमानीतून आत गेलं की दोन मुख्य रस्ते खाली उतरतात, तला कबीरा आणि तला सगीरा. आम्ही तला कबीरानं निघालो. सकाळची वेळ. ऑलिव्हचे ढीग, पुदिन्याच्या जुड्या, लोंबकळणारं मांस, मधात बुडवलेली मिठाई. मागून आरोळी येते, "बालाक! बालाक!" म्हणजे 'बाजूला व्हा'. ती ऐकली की विचार न करता भिंतीला टेकायचं. गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर जवळून निघून जातं. या जनावरांसाठी फेझमध्ये १९२७ पासून एक धर्मादाय दवाखाना आहे, अमेरिकन फोंदूक नावाचा. तिथे गाढवा-खेचरांवर मोफत उपचार होतात. ज्या शहराची सगळी वाहतूक जनावरांच्या पाठीवर आहे, तिथे असा दवाखाना ही चैन नसून गरज आहे.

एका वळणावर गाइड थांबले. म्हणाले, "कोणत्याही मोहल्ल्यात पाच गोष्टी शोधा. मशीद, मुलांची कुराणशाळा, पाण्याचा हौद, हमाम आणि भट्टी." त्यानंतर आम्ही त्या मोजतच चाललो. हौद म्हणजे भिंतीतला कोनाडा, वर रंगीत फरश्यांची नक्षी, खाली तोटी आणि दगडी कुंड. काही अजून वाहते आहेत, शेजारची मुलं बाटल्या भरून नेतात. भट्टीला तिथे फर्रान म्हणतात. घरोघरी सकाळी कणीक मळतात, गोल पाव थापतात, फळीवर ठेवून वर फडकं टाकतात आणि मुलाच्या हाती भट्टीवर पाठवतात. भट्टीवाल्यानं लांब दांड्याच्या फावड्यानं एक पाव बाहेर काढला आणि अर्धा मोडून आमच्या हातात दिला. कोणता पाव कोणाच्या घरचा, हे तो नुसत्या बघण्यावरून सांगतो.

भट्टी, हमाम, मशीद, शाळा, हौद. यातल्या निदान तीन गोष्टींना सतत पाणी लागतं. मोहल्ला कुठे वसायचा, हे आधी पाटानं ठरवलं आणि घरं मागून आली, असं मला जागोजाग जाणवलं.

सुलतान, घड्याळ आणि आपला प्रवासी

तला कबीराच्या सुरुवातीलाच बू इनानिया मद्रसा आहे. सुलतान अबू इनानच्या काळात, १३५० ते १३५५ च्या दरम्यान बांधलेली. इतर धर्मीयांना आत प्रवेश मिळतो अशा थोड्या धार्मिक इमारतींपैकी ही एक. चौकात उभं राहून भिंतीवर नजर खालून वर न्यावी. कमरेपर्यंत झेलीज, म्हणजे रंगीत फरशीचे कापलेले तुकडे. त्यावर चुन्या-जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी आणि अरबी अक्षरं. त्यावर मध्य ॲटलास पर्वतातल्या देवदाराचं कोरीवकाम.

झेलीजची रीत गाइडनी समजावली. भाजलेल्या, झिलई दिलेल्या फरशीतून कारागीर हातोडीनं एकेक आकार तोडून काढतो. मग हे तुकडे जमिनीवर पालथे मांडतात. रंग खाली, पाठ वर. वरून गिलावा ओततात आणि तो सुकला की तयार झालेला फलक उलटतात. म्हणजे मांडणाऱ्याला काम चालू असताना रंग दिसतच नाहीत. सगळा नकाशा डोक्यात ठेवून तो बोटांनी काम करतो.

माझं लक्ष मात्र चौक आणि नमाजाचं दालन यांच्या मधल्या अरुंद पाटाकडे गेलं. नदीचा एक फाटा थेट मद्रसेतून नेला आहे. या इमारतीच्या खर्चाचा हिशेब सुलतानापुढे ठेवला, तेव्हा त्यानं वही न बघताच पाण्यात फेकून दिली, अशी दंतकथा गाइड सांगतात. जे सुंदर आहे ते महाग नसतं, असा त्याचा निवाडा होता म्हणे.

रस्त्याच्या पलीकडे याच सुलतानाचं आणखी एक काम आहे, १३५७ मधलं जलघड्याळ, दार अल-मगाना. भिंतीवर ओळीनं बारा छोटी दारं आणि खाली पुढे आलेल्या लाकडी तुळया. या तुळयांवर पितळी वाडगे असत. दर तासाला एक दार उघडे आणि धातूची गोळी वाडग्यात पडे. त्या आवाजावर नमाजाच्या वेळा ठरत. आत पाण्याच्या पातळीनं हलणारी यंत्रणा होती, पण ती नेमकी कशी चाले हे ज्ञान हरवलं आहे. माझ्यासारखीला त्या भिंतीसमोरून हलणं जड गेलं. पाणी ठरावीक वेगानं सोडायचं, त्यातून बारा तास मोजायचे आणि ते शहराला ऐकवायचे! आजच्या हिशेबानंही हे सोपं काम नाही.

इथेच गाइडनी एक गोष्ट सांगितली, जी मराठी माणसानं आवर्जून लक्षात ठेवावी. तांजीरचा इब्न बतूता १३२५ मध्ये घरातून निघाला तो जग हिंडून अखेर फेझला आला. याच अबू इनानच्या आज्ञेनं त्यानं आपला प्रवास इब्न जुझय्य या लेखकाला सांगितला आणि डिसेंबर १३५५ मध्ये तो सांगून पूर्ण झाला. म्हणजे ही मद्रसा उभी राहत होती त्याच काळात, याच शहरात, दौलताबादचं वर्णन लिहिलं जात होतं. मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी राहिलेला इब्न बतूता १३४२ च्या सुमारास देवगिरीवरून गेला होता. दौलताबादच्या गायकांच्या बाजाराचं त्यानं वर्णन केलं आहे. पुढे नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्यानं नोंदवलं आहे की ते कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. त्यांचं जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल, आणि ते जेवणाआधी स्नान करतात. देवगिरीचा किल्ला माझ्या घरापासून जवळ. त्या किल्ल्याचं चौदाव्या शतकातलं प्रत्यक्षदर्शी वर्णन मिळतं ते फेझच्या सुलतानाच्या आस्थेमुळे. त्या मद्रसेच्या दारात हे ऐकताना मला फार मोठा आनंद झाला.

त्याच वर्षांत फेझच्या दरबारात एक तरुण चिटणीस होता, इब्न खल्दून. पुढे तो जगातल्या थोर इतिहासकारांत गणला गेला. इब्न बतूतानं सांगितलेल्या दिल्लीच्या सुलतानाच्या औदार्याच्या गोष्टींवर फेझच्या लोकांचा विश्वास बसत नव्हता, असं त्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

एका बाईनं उभं केलेलं विद्यापीठ

उतार संपत आला की बाजार दाट होतो. सुतारांच्या नज्जारीन चौकात एक देखणा हौद आहे आणि शेजारी अठराव्या शतकातली व्यापाऱ्यांची सराई, फोंदूक. खाली जनावरं आणि माल, वर मुक्कामाच्या खोल्या. तिथे १९९८ पासून लाकूडकामाचं संग्रहालय आहे. जवळच शहराच्या संस्थापकांपैकी दुसरा इद्रीस याचा दर्गा आहे. तिकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी आडवा लाकडी ओंडका लावलेला असतो. माणूस वाकून जातो, लादलेलं जनावर जाऊ शकत नाही. पवित्र हद्द कुठे सुरू होते, हे त्यावरून कळतं.

मग मसाल्यांचा अत्तारीन बाजार, त्याला लागून १३२३ ते १३२५ मध्ये बांधलेली छोटी, नाजूक अत्तारीन मद्रसा आणि त्यापुढे डोंगरावरून दिसलेल्या हिरव्या छपराची जागा, अल-करवीयीन. परंपरा सांगते की कैरुवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरी या स्त्रीनं वडिलांकडून आलेली सगळी संपत्ती खर्चून ८५९ मध्ये ही मशीद बांधायला घेतली आणि काम पूर्ण होईपर्यंत रोजे धरले. तिची बहीण मरियम हिनं समोरच्या काठावर अंदलुसी मशीद उभारली. मशिदीत शिकवणं सुरू झालं, ते थांबलं नाही. जगातलं सर्वांत जुनं, अखंड चालू असलेलं विद्यापीठ म्हणून आज अल-करवीयीनचं नाव घेतात. १९६३ मध्ये ते मोरोक्कोच्या सरकारी विद्यापीठांत सामील झालं.

मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही. उघड्या दारातून पांढऱ्या कमानी आणि चौकातली कारंजी पाहायची. आम्हीही उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही. जिथे लोक हजार वर्षं नमाज पढत आणि शिकत आले, तिथला नियम पाळणं हाच पाहुण्याचा धर्म.

मागच्या बाजूला, सफ्फारीन चौकाकडे, विद्यापीठाचं वाचनालय आहे. त्यात सुमारे ४,००० हस्तलिखितं आहेत. नवव्या शतकातलं कूफी लिपीतलं कुराण आहे आणि इब्न खल्दूननं स्वतः दिलेली त्याच्या इतिहासग्रंथाची प्रत आहे. या इमारतीला ओल लागली होती. फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद अझीझा शाऊनी यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि २०१६ मध्ये काम पूर्ण झालं. जमिनीखालचा ओलावा दूर नेणारे निचऱ्याचे मार्ग आणि पोथ्यांसाठी थंड, कोरडी दालनं, हे त्या कामाचं मर्म. ज्या पाण्यानं शहर घडवलं, तेच वेळीच आवरलं नाही तर शहराला खातं. एका बाईनं उभं केलेलं विद्यालय साडेअकराशे वर्षांनी दुसऱ्या बाईनं वाचवलं, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

सफ्फारीन चौकात ठोकण्याचा आवाज सतत चालू असतो. तांबट मोठमोठी पातेली, चहाच्या किटल्या, हमामची घंगाळं घडवतात. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या कुणालाही तो ठेका ओळखीचा वाटेल. पुढे रंगाऱ्यांची गल्ली लागते. लोकरीच्या लडी बुचकळून टांगलेल्या असतात आणि रंगीत पाणी दगडांवरून थेट नदीकडे ओघळतं.

चामड्याचे हौद

नदीकाठी शुआरा आहे, चामडी कमावण्याचा कारखाना. तो बघायला आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जायचं. जिन्यातच हातावर पुदिन्याची काडी ठेवतात. नाकाशी धरायची. वास उग्र आहे, पण काही मिनिटांत सवय होते.

खाली दगडी हौदांचे पुंजके दिसतात. काही पांढरे, काही रंगीत. गाय, मेंढी, बकरी आणि उंटाची कातडी इथे येतात. आधी पांढऱ्या हौदांत भिजवतात. त्यात चुनकळी, गोमूत्र, मीठ आणि पाणी. दोन-तीन दिवसांत केस आणि चरबी सुटते. मग कबुतरांच्या विष्ठेचं पाणी. त्यातल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं आणि रंग धरायला तयार होतं. माणसं मांडीपर्यंत पाण्यात उतरून ती पायांनी तुडवतात. नंतर रंगाचे हौद. परंपरेनं लाल रंग खसखशीच्या जातीच्या फुलांचा, निळा निळीचा, नारिंगी मेंदीचा, तपकिरी देवदाराचा. पिवळा महाग, म्हणून तो हौदात न ओतता हातानं चोळतात. शेवटी गच्च्यांवर आणि शेजारच्या उतारांवर वाळवण. इथल्या बकऱ्याच्या चामड्यात युरोपातली पुस्तकं बांधली गेली आणि 'मोरोक्को' हे त्या चामड्याचं नावच झालं.

आपल्याकडे ढोर समाजानं बाभळीची साल आणि हिरडा वापरून हेच काम पिढ्यान् पिढ्या केलं आणि त्याबद्दल सोसलं काय, तर अस्पृश्यता. त्यामुळे गच्चीवरून खाली पाहताना केवळ रंग बघून मन भरत नाही. दिवसभर चुन्याच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पायांचं, पाठीचं काय होत असेल, हा प्रश्न मी गाइडना विचारला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. काम जड आहे, त्वचेचे आणि सांध्यांचे त्रास होतात, बरेच जण बापाच्या मागे मुलगा असे इथे आलेले आहेत, असं त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अलीकडच्या काळात शहरातल्या कारखान्यांत क्रोमियमसारखी रसायनं आली आणि ती पाण्याबरोबर सेबू नदीत उतरली. प्रदूषण करणारे उद्योग शहराबाहेर ऐन नुकबीच्या औद्योगिक भागात हलवण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालले आहेत. मेदिनाच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या, मधून वाहणाऱ्या नदीवर काही ठिकाणी काँक्रीट टाकून ती झाकली गेली होती. ती मोकळी आणि स्वच्छ करण्याच्या कामातही अझीझा शाऊनी यांचा पुढाकार आहे. जुन्यांनी पाणी आत आणण्याइतकंच बाहेर नेण्याकडे लक्ष दिलं होतं. आधुनिक शहराची परीक्षा तिथेच आहे.

जेवण, मल्लाह आणि जाता जाता

जेवायला दुपार कलली. फेझचा मानाचा पदार्थ म्हणजे बस्तिला. पातळ पापुद्र्यांत कबुतराचं किंवा कोंबडीचं मांस, बदाम आणि वरून पिठीसाखर-दालचिनी. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. वांगी-टोमॅटोचं झालूक, वाळवलेल्या बाकल्याची घट्ट पिठल्यासारखी बिसारा, मसूर, ऑलिव्ह आणि पाव सहज मिळतं. भाज्यांचा कुसकुस मात्र बहुधा मांसाच्या रश्शावर शिजवतात, म्हणून आधी विचारावं. शेवटी पुदिन्याचा गोड चहा. किटली उंच धरून पेल्यात धार सोडतात, तेव्हा वर फेस यायलाच हवा.

दुपारनंतर फेझ अल-जदीदमध्ये राजवाड्याचे पितळी दरवाजे पाहिले. शेजारी मल्लाह, ज्यूंची वस्ती, १४३८ मधली आणि मोरोक्कोतली पहिली. रस्त्याकडे उघडणारे लाकडी सज्जे ही तिची खूण. इतर मोहल्ल्यांत घरं आतल्या चौकाकडे तोंड करून असतात. सतराव्या शतकातलं इब्न दानान सिनगॉग आणि पांढऱ्या कबरींचं विस्तीर्ण दफनस्थान आजही जपलेलं आहे. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायल, फ्रान्स आणि कॅनडाला गेले.

हे सगळं टिकलं कसं? फ्रेंच रेसिडेंट जनरल ल्योते यानं नवं शहर जुन्याला धक्का न लावता बाजूला बांधलं. त्यामुळे मेदिना पाडली गेली नाही, पण श्रीमंत घराणी बाहेर पडली आणि मोठे वाडे भाड्यानं खोली-खोलीत वाटले गेले. १९८१ मध्ये युनेस्कोनं मेदिनाला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यानंतर घरं, हौद, फोंदूक सावरण्याची कामं सुरू झाली. अनेक भिंतींना आजही लाकडी टेकू आहेत. माझ्या मते मेदिना जिवंत राहिली ती मात्र तिथे काम चालू आहे म्हणून. तांबट, सुतार, रंगारी, भट्टीवाला गेले तर यादीतलं नाव उरेल, शहर उरणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. कासाब्लांकाहून फेझला रेल्वेनं साडेतीन-चार तास लागतात. गाइड सरकारी परवान्याचा घ्यावा, गळ्यातलं ओळखपत्र पाहावं आणि दिवसाचा दर निघण्यापूर्वी ठरवावा. किती दुकानांत न्यायचं आणि किती नाही, हेही तेव्हाच सांगावं. कारण विक्रीवर दलाली असते आणि गालिच्याच्या दुकानात दोन तास सहज जातात. शुक्रवारी दुपारी बाजार बराचसा बंद असतो. माणसांचे फोटो विचारूनच काढावेत. पायात न घसरणारे बूट हवेत. उतार गुळगुळीत आहेत आणि पाणी अजूनही रस्त्यावर येतं.

मराठी वाचकांना माझं शेवटचं सांगणं फेझपुरतं नाही. आमच्या शहरातल्या नहरींचे काही भाग बुजले आहेत, काहींवर बांधकामं चढली आहेत. गावोगावच्या बारवांचं, तळ्यांचं, पाटांचंही तेच. फेझला एक पूर्ण दिवस जरूर द्या. आणि परत आल्यावर एक सुट्टी आपल्या गावच्या जुन्या पाण्याला द्या. त्याची वाट ठाऊक असलेलं एखादं वयस्कर माणूस शोधा, मुलांना बरोबर घ्या आणि उगमापासून शेवटापर्यंत पायी चाला. जे चालून पाहिलं आहे तेच वाचवायला लोक पुढे येतात, हे मी नोकरीत असताना वारंवार अनुभवलं आहे.